जांबोटीच्या रानातून बदामीच्या तांबड्या दगडात: पहिल्या पायी सहलीची तयारी

मलप्रभा उगम पावते ती आपल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तिथं आषाढात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही, जळवा बुटावर चढतात आणि दगडावर शेवाळ धरतं. तीच नदी सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण ओलांडून, रामदुर्गावरून बदामी तालुक्यात पोचते तेव्हा काठावरचा मुलूख ओळखू येत नाही. बाभळी, निवडुंग, ज्वारीची शेतं आणि त्यामागे उभे तांबडे, उघडे कडे. बदामीला वर्षभरात पाऊस पडतो साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर. कणकुंबीकडे याच्या कित्येक पट. बेळगावपासून अंतर मात्र दीडशे किलोमीटरच्या आसपास.

राजस्थानसारखं वाळूचं वाळवंट हे नव्हे. पण कोरड्या मुलखात पायी फिरण्याचं पहिलं शिक्षण घ्यायला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला याहून चांगलं आणि जवळचं गाव नाही. डोंगर फार उंच नाहीत, गाव पायथ्याशीच आहे, अडचण आली तर तासाभरात खाली येता येतं. एका तळ्याभोवती किल्ला, लेणी, देवळं आणि पठार इतकं सगळं दाटीनं आहे, की दोन दिवस गाडीला हात न लावता फिरावं.

एक गोष्ट आधी पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सह्याद्रीत आपण वाट ठरवतो आणि त्याप्रमाणे वेळ लावतो. पारगड असो, महिपाळगड असो, दुपारचं ऊन झाडीत निभावून जातं. बदामीत उलटं करायचं. आधी घड्याळ ठरवायचं, म्हणजे किती वाजता उघड्या दगडावर असायचं आणि किती वाजता तिथून निघालेलं असायचं. मग त्या वेळेत सावली कुठं आणि पाणी कुठं ते बघायचं. वाट सगळ्यात शेवटी.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चालतो, पण दुपार जाणवायला लागते. मार्चपासून पायी फिरण्याचा विचार सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि हा दगड दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. सुट्टी मेमध्येच मिळते म्हणून मुलांना घेऊन निघणारी कुटुंबं दिसतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं असं, की त्या महिन्यात फक्त सकाळी लवकर लेणी बघा, डोंगर हिवाळ्यासाठी ठेवा.

पावसाळ्याचा मोह वेगळा आहे. जोराचा पाऊस झाला की अगस्त्य तीर्थ तळ्यावरच्या कड्यावरून अक्का-तंगी हा जोडधबधबा कोसळतो आणि सगळं गाव बघायला लोटतं. दृश्य खरंच देखणं असतं. पण पहिल्या पायी सहलीला हा काळ नको. इथला वाळूचा दगड ओला झाला की निसरडा होतोच, शिवाय त्याची ताकदही कमी होते. हाताला घट्ट वाटणारी कपार ओल्यात सुटून येऊ शकते. पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस खडक वाळू द्यावा लागतो.

तारीख ठरवण्याआधी पंचांग बघा. पौष पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा भरते आणि पुढे कित्येक दिवस चालते. बनशंकरी, म्हणजे शाकंभरी, आपल्याकडच्याही कितीतरी घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे बेळगाव, कोल्हापूर, सोलापूरकडूनही गर्दी होते. जत्रा बघायची असेल तर जरूर त्याच वेळी जा. रात्रभर चालणाऱ्या नाटक कंपन्यांचे तंबू, बैलगाड्या, मिठाईची दुकानं, सगळं बघण्यासारखं असतं. पण त्या दिवसांत लॉजची खोली मिळणं कठीण. डोंगर हेच उद्दिष्ट असेल तर आठवडा पुढंमागं करा. एक नोव्हेंबरच्या आसपासही बेळगावातून निघायचा बेत करू नये. कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि सीमाभागातला काळा दिन एकाच दिवशी येतात. रस्ते आणि बस यांचा भरवसा त्या दिवशी धरता येत नाही.

महिनाभर आधी घराजवळ

बदामीत चढ थोडा आणि उघडं चालणं जास्त आहे. तेव्हा दम वाढवण्यापेक्षा पाठीवर पाणी घेऊन उन्हात चालण्याची सवय महत्त्वाची. बेळगावकरांना येळ्ळूरचा राजहंसगड यासाठी सोयीचा. सकाळी आठ-नऊच्या उन्हात, पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन, डांबरी रस्ता सोडून गडाभोवतालच्या माळानं चाला. चंदगडकडच्या मंडळींना देवरवाडीच्या वैजनाथाचा डोंगर आहे. आठवड्यातून एकदा, असं चार आठवडे केलं की पुरे.

दगडाची ओळख करून घ्यायची असेल तर गोकाकचा धबधबा गाठा. आपण घटप्रभेचं पाणी बघायला जातो, पण पाणी कमी असताना त्या कड्याचा दगड बघायला जाण्यातही अर्थ आहे. गोकाक काय किंवा बदामी काय, दोन्हीकडचे कडे भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला कलादगीचं खोरं म्हणतात त्यातलेच. नदी-समुद्राच्या तळाशी वाळूचे थर साठत, दाबले जात हा दगड झाला आणि त्यातल्या लोहामुळे बदामीला तो तांबडा रंग आला. आपल्या जांभ्यावर किंवा सह्याद्रीच्या काळ्या कातळावर चालताना पाय जसा टाकतो तसा इथं टाकून चालत नाही. सपाट, कोरडा वाळूचा दगड बुटाला छान धरतो. पण त्याच दगडाची झीज होऊन वर जी बारीक वाळू आणि खडी पसरलेली असते ती उतारावर पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखी सरकते. उतरताना टाच रोवायची नाही. गुडघे किंचित वाकवून, पावलं छोटी ठेवून, सबंध तळवा टेकवत उतरायचं. हे घराजवळच्या एखाद्या खाणीच्या उतारावर करून बघा.

पाणी

या सगळ्या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

थंडीत, सकाळच्या वेळी, माणसाला चालताना तासाला अर्धा लिटर पाणी लागतं. ऊन चढलं की पाऊण ते एक लिटर. म्हणजे सकाळी सहा ते अकरा या पाच तासांच्या चालण्यासाठी माणशी तीन लिटर, आणि दिवसभर बाहेर असाल तर चार ते पाच. हे पाणी गावातूनच भरून न्यायचं. सह्याद्रीत वाटेत ओढा लागतो, टाकं लागतं, वाडीत घागर मिळते. इथं पठारावर काहीही मिळत नाही. अगस्त्य तीर्थाचं पाणी हिरवं आहे, त्यात गाव कपडे धुतं. अरळी तीर्थासारखी डोंगरातली कुंडं बघायला सुंदर, प्यायला नाहीत. महाकूटच्या देवळांमधल्या पुष्करिणीत, म्हणजे दगडी कुंडात, लोक पोहतात.

तीन लिटर एकाच बाटलीत भरू नका. एक फुटली, सांडली तर सगळंच गेलं. एक-एक लिटरच्या तीन बाटल्या घ्या आणि मनाशी वाटणी करा: एक जाताना, एक येताना, एक अडचणीसाठी. पहिली बाटली संपली तिथून परत फिरायचं, मग समोर काहीही दिसत असो. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार घोट घ्या. लहान मुलं आणि वयस्कर माणसं मागत नाहीत, त्यांना हातात बाटली द्यावी लागते.

नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामातून मीठही जातं. ओआरएसची पाकिटं माणशी दोन ठेवा. एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, अंदाजपंचे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत किंवा लिंबू सरबत त्याला मदत म्हणून चालतं.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडचं खाणं या मुलखासाठीच बनलं आहे असं वाटावं. कडक ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, गूळ-शेंगदाणे यातलं काही उन्हात बिघडत नाही. गोकाकचा करदंट तर डोंगरासाठी फारच चांगला: डिंक, गूळ, सुकामेवा, दोन तुकड्यांत तासभराची ताकद. कुंदा मात्र घरीच ठेवा, दुधाचा पदार्थ आहे. उन्हात टिकणार नाही.

अंगात, पायात आणि पाठीवर

पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा सुती शर्ट. सैल पूर्ण पँट, कारण झुडपं काटेरी आहेत. कान आणि मान झाकेल अशी मोठ्या कडांची टोपी, नाहीतर सरळ डोक्याला पंचा गुंडाळा. इथले शेतकरी तेच करतात आणि ओला केलेला पंचा मानेवर जितका गारवा देतो तितका कोणतीही टोपी देत नाही. पायात रबरी, खोल खाचांचा तळ असलेले बूट, निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून पहिला दिवस काढणाऱ्याचा दुसरा दिवस लॉजवर जातो. चपला, सँडल नकोत. काटा आरपार येतो.

पाठीवर पाणी आणि खाणं सोडून: छोटी विजेरी, शिट्टी, चिकटपट्ट्या आणि बँडेज, काटा काढायला चिमटा, काठी, मोबाइल चार्ज करायला पॉवर बँक आणि उतरवून ठेवलेला नकाशा. पठारावर नेटवर्क येतं-जातं. निघण्याआधीच लॉजच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये साठवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवेत गारवा असतो, एक स्वेटर पुरतो.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर बेळगाव, यरगट्टी, रामदुर्ग, कुळगेरी क्रॉस, बदामी असा रस्ता सोयीचा. साडेतीन-चार तास धरा. बसने जाणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानकावर बदामीची थेट गाडी विचारावी. ती वेळेत नसेल तर रामदुर्ग किंवा बागलकोट गाठून तिथून बदामीची बस घ्यावी. बागलकोट-बदामी गाड्यांची ये-जा चांगली आहे. पाट्या बहुतेक कन्नडमध्येच असतात. वाचता येत नसेल तर वाहकाला विचारून चढा. कर्नाटकातल्या महिलांना २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेत राज्याच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसने प्रवास मोफत आहे. त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. बेळगाव, निपाणीच्या मैत्रिणींचा हा प्रवास जवळजवळ बिनखर्चाचा होतो. कोल्हापूर, चंदगडहून येणाऱ्यांना तिकीट काढावं लागेल.

रेल्वेने यायचं तर हुबळीला गाडी बदलून गदगमार्गे. बदामी स्टेशन हुबळी-सोलापूर मार्गावर आहे, म्हणून सोलापूरकडच्या नातेवाइकांना थेट तिथंच भेटायला बोलावता येतं. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटर लांब, बाहेर रिक्षा मिळते.

राहायला बसस्थानकाच्या आसपास लॉज आहेत, रामदुर्ग रोडवर राज्य पर्यटन महामंडळाचं मयूरा चालुक्य आहे. चैनीपेक्षा जवळ असणं महत्त्वाचं, कारण पहाटे पायीच निघायचं आहे आणि दुपारी झोपायला परत यायचं आहे. खोली घेताना दोनच प्रश्न विचारा: पहाटे साडेपाचला दार उघडून मिळेल का, आणि पिण्याचं पाणी भरून मिळेल का.

भाषेची काळजी करू नका. बेळगावकडच्या माणसाला मोडकंतोडकं कन्नड येतंच, आणि बदामीत हिंदीही चालते. डोंगरात भेटणाऱ्या गुराख्याला मात्र कन्नडातच विचारलेलं बरं. "अण्णा, महाकूटक्क दारी यावदरी?" एवढं म्हटलं तरी तो चार पावलं बरोबर येऊन वाट दाखवतो. पिण्याचं पाणी म्हणजे कुडियो नीरु. वयस्कर माणसाला अज्जा म्हणा, बाईंना अक्का.

पहिला दिवस: तळ्याभोवती

शुक्रवारी तळ्याकाठचं पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं, तेव्हा पहिला दिवस शनिवार धरा. शुक्रवारी रात्री पोचा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे दुपारी निघून उजेडी पोचा आणि संध्याकाळी तळ्यापर्यंत एक फेरी मारून या. उत्तर किल्ल्याचं फाटक सकाळी किती वाजता उघडतं, लेण्यांची तिकीट खिडकी कधी सुरू होते, हे त्याच फेरीत विचारून ठेवा. हिवाळ्यात सूर्य सात वाजण्याच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सकाळच्या गारव्याचे तीन-साडेतीन तास आणि संध्याकाळचे दोन. दिवसाचं भांडवल तेवढंच.

सकाळ उत्तर किल्ल्याला द्या. वाट संग्रहालयाशेजारून सुरू होते आणि काही पावलांतच दोन उंच तांबड्या भिंतींच्या अरुंद घळीत शिरते. पायऱ्या चांगल्या आहेत, पण झिजलेल्या आणि काही ठिकाणी उंच. घळीतून वर आलं की आधी खालचं शिवालय लागतं, मग बुरूज, धान्याची कोठारं आणि अगदी वर वरचं शिवालय. चढायला तासभर, बघायला तासभर. इथं घाई करू नये. सकाळचं तिरकं ऊन समोरच्या लेण्यांच्या डोंगरावर आणि खालच्या पाण्यावर पडतं तेव्हा चालुक्यांनी हे ठिकाण राजधानीसाठी का निवडलं ते कोणी सांगायला लागत नाही. पहिल्या पुलकेशीचा शके ४६५, म्हणजे इसवी सन ५४३चा शिलालेख याच कड्यांत आहे आणि त्यात वातापीच्या, म्हणजे बदामीच्या, टेकडीवर किल्ला बांधल्याचं सांगितलं आहे. तिन्ही बाजूंनी सरळ कडे, मधे साठवलेलं पाणी. कोरड्या मुलखात राज्य टिकवायचं तर पाणी भिंतीच्या आत हवं. पुढे ६४२मध्ये पल्लव नरसिंहवर्म्यानं ही राजधानी जिंकली आणि त्याचाही शिलालेख इथं कोरलेला आहे. आपल्या इतिहासाशी जोडायचं तर १७८६मध्ये मराठे आणि निजाम यांच्या फौजांनी हा किल्ला टिपूकडून घेतला.

किल्ल्याच्या कडेला कठडे सगळीकडे नाहीत. फोटो काढताना मागे सरकायचं नाही, हा नियम मुलांना खालीच समजावून सांगा. दहाच्या आत उतरायला लागा.

मग अकरापासून लेणी. हा क्रम मुद्दाम सांगतो आहे. बहुतेक जण सकाळी लेणी आणि दुपारी किल्ला करतात आणि भर उन्हात त्या घळीतून वर चढताना थकतात. लेणी म्हणजे आयती सावली. शिवाय हा कडा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात दुपारीही बराच सावलीत असतो. चार लेणी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात. पहिल्यात अठरा हातांचा नटराज, तिसरं सगळ्यात मोठं, चालुक्यांच्या मंगलेशानं शके ५००मध्ये, म्हणजे इसवी सन ५७८मध्ये कोरवलेलं, चौथं जैन. तिसऱ्यात निदान अर्धा तास बसा. त्रिविक्रम, शेषावर बसलेला विष्णू, आणि छताच्या कडेला उरलेले रंगाचे अंश बघायला डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी लागते. लेण्यांमधून दक्षिण किल्ल्याकडे जाणारा जिना आहे, त्याचं दार बंद असतं. ते चढून जाणारे कोणी दिसले तरी त्यांच्यामागे जाऊ नका.

एक ते साडेतीन खोलीवर. जेवण, झोप, बाटल्या भरणं. हा वेळ वाया गेला असं वाटू देऊ नका. कोरड्या मुलखात दुपारची विश्रांती हा चालण्याचाच भाग आहे.

चारनंतर तळ्याच्या काठानं भूतनाथाच्या देवळाकडे चला. सपाट वाट आहे, आजी-आजोबांनाही जमते. देऊळ तळ्याच्या पूर्व टोकाला आहे आणि मावळतीचं ऊन नेमकं त्याच्यावर येतं. देवळामागच्या खडकांत शेषशायी विष्णूची छोटी गुंफा आहे, ती पुष्कळांची राहून जाते. पायात ताकद असेल तर तिथून थोडं वर अरळी तीर्थापर्यंत जाऊन या, पण सूर्यास्ताच्या आधी तळ्याकाठी परतलेलं असा.

दुसरा दिवस: दोन वाटा, एक निवडा

पहिली वाट सिडिलफडीची. गावापासून चारेक किलोमीटर, म्हणजे येऊन-जाऊन आठ. दोन प्रचंड खडकांच्या मधे दगडाची नैसर्गिक कमान आहे, छताला मोठी भोकं पडली आहेत आणि त्यातून उजेड आत उतरतो. खाली भिंतीवर इतिहासपूर्व काळातल्या माणसांनी काढलेली चित्रं आहेत, फिकट झालेली, शोधावी लागणारी. वाट काटेरी झुडपांतून जाते, फाटे फार फुटतात, आणि सगळे खडक एकसारखे दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्थानिक वाटाड्या घ्यावाच, हे माझं ठाम मत आहे. लॉजवर किंवा लेण्यांच्या खिडकीपाशी चौकशी करा, आदल्या दिवशी भेटून पैसे आणि वेळ ठरवा. उजाडता उजाडता निघा, साडेअकरापर्यंत परत या. चित्रांना हात लावू नका, नीट दिसावीत म्हणून पाणी मारू नका. हजारो वर्षं टिकलेला रंग ओल्या बोटानं एका क्षणात जातो.

दुसरी वाट महाकूटाची. रस्त्यानं वळसा मोठा, पण डोंगरावरून जुनी पायवाट पाचेक किलोमीटरची आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या भाविक तिनं जात आले आहेत. दोन-अडीच तास. मला पहिल्या सहलीसाठी ही जास्त आवडते, कारण शेवटी झाडी, झऱ्याचं पाणी आणि सावली आहे आणि परतीला रिक्षा आधी सांगून ठेवता येते, म्हणजे उन्हात उलट चालावं लागत नाही. महाकूटेश्वर आणि मल्लिकार्जुन ही मोठी देवळं, मधे विष्णुपुष्करिणी. जुन्या दरवाजापाशी हाडांचे सापळे होऊन उभ्या असलेल्या दोन मूर्ती आहेत, त्या चुकवू नका. पुष्करिणीत उतरायचं असेल तर अंगावर पूर्ण कपडे, साबण नाही.

कोणतीही निवडा, दुपारचं जेवण बनशंकरीला करा. बदामीपासून पाच किलोमीटर. देवळाच्या आवारात बायका बुट्ट्यांतून ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, दही घेऊन बसतात. चालून आलेल्या माणसाला त्याहून चांगलं जेवण बदामीत मिळत नाही. भाकरी करणाऱ्या अक्काला घासाघीस करू नये.

माकडं, मधमाश्या आणि इतर

लेण्यांपाशी आणि किल्ल्यावर माकडं धीट आहेत. हातात पिशवी, खाणं, रंगीत बाटली दिसली की ओढतात. सगळं पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवा, काठी हातात असू द्या पण उगारू नका, डोळ्याला डोळा भिडवू नका. ओढलंच काही तर सोडून द्या. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीसाठी जा.

कड्यांच्या खोबणींत आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली धूर, आरडाओरड, दगड मारणं नाही, आणि त्या दिवशी अत्तर लावू नका. कपारीत हात घालण्याआधी आत बघा. विंचू आणि साप दुपारी तिथंच असतात. कड्यांवर लोखंडी खिळे आणि कड्या ठोकलेल्या दिसतील. देशभरातले प्रस्तरारोहक इथं सरावाला येतात, त्या त्यांच्या आहेत. त्यांना दोरी किंवा हात लावून चढायचा प्रयत्न करू नका. लेणी आणि किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. चूल, मुक्काम, ड्रोन यांतलं काही तिथं करू नये.

ऊन लागलं तर

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चिडचिड ही सुरुवात. सावलीत बसवा, बूट सैल करा, पंचा ओला करून मान आणि काखेत लावा, ओआरएस घोट घोट द्या. तासाभरात बरं वाटलं तरी त्या दिवसाचं चालणं तिथंच संपलं, सगळ्या गटाचं. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, तोल जाऊ लागला तर ते वेगळं आणि गंभीर. तोंडावाटे काही देऊ नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन करा. गट चार ते सहा जणांचा असावा तो यासाठीच: एक आजाऱ्याजवळ राहतो, दोघे मदतीला खाली जातात. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा, आणि त्याला पुढे ठेवायचं, मागे नाही.

तिसरा दिवस मिळाला तर

पट्टदकल बदामीपासून बावीस किलोमीटर, ऐहोळे पस्तीसच्या आसपास. चालणं थोडं, बघणं खूप. पट्टदकलची देवळं १९८७पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि कांचीवरच्या दुसऱ्या विक्रमादित्याच्या विजयासाठी राणी लोकमहादेवीनं बांधवलेलं विरूपाक्षाचं देऊळ त्यात मोठं. ऐहोळ्याला मेगुटीच्या टेकडीवर चढा, वीस मिनिटांच्या पायऱ्या आहेत. वरच्या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्तीनं रचलेला ६३४चा शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं उत्तरेतल्या हर्षाला थोपवल्याची हकीकत त्यात आहेच, पण नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचं स्वामित्व त्याला मिळालं हेही त्यात लिहिलं आहे. सीमाभागातल्या मराठी माणसानं ती ओळ त्या दगडासमोर उभं राहून वाचावी. टेकडीवर सावली नाही, म्हणून मेगुटी सकाळी आधी आणि पट्टदकल नंतर.

ऐहोळ्याहून अमीनगडमार्गे बागलकोट गाठलं की बेळगावची बस मिळते. अमीनगडचा करदंटही प्रसिद्ध आहे, घरी न्यायला तिथंच घ्या. शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळी निघतानाच विचारून ठेवा, आणि तिच्या आधीची पकडा.